‘वुदरिंग’ : एका वाऱ्याचे नाव

एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) या कादंबरीचे नाव पुष्कळांच्या ओठी असते. त्यातल्या पहिल्या शब्दापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. ‘वुदरिंग’ हा प्रमाण इंग्रजीतला शब्द नव्हे. तो यॉर्कशायरच्या बोलीतला, उंच उघड्या जागी घोंघावत येऊन आदळणाऱ्या वाऱ्याचा. त्याची सांगड हवामानवाचक ‘वेदर’शी किंवा कोमेजण्याच्या ‘विदर’शी घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. ‘व्हिदर’ या जुन्या उत्तरी क्रियापदाचे हे रूप. अभ्यासक त्याचे नाते प्राचीन नॉर्समधील वावटळीच्या ‘ह्विदा’ या शब्दाशी जोडतात. नवव्या शतकात नॉर्सभाषक यॉर्कशायरात वसले होते, तेव्हा ही वाट अपरिचित नाही.

कादंबरीत या शब्दाचा अर्थ सांगतो तो लॉकवुड, म्हणजे बाहेरून आलेला भाडेकरू. घरच्यांना तो सांगण्याची गरजच नसते. आणि अर्थ सांगून लॉकवुड लगेच घराच्या कडेची, वाऱ्याने एकीकडे कललेली खुरटी झाडे दाखवतो. केवळ व्याख्येवर त्याचेही भागत नाही. एमिलीची ही जाण आम्हांस फार मोलाची वाटते.

म्हणूनच तिच्या थोरल्या बहिणीने पुढे जे केले ते खटकते. डिसेंबर १८४८ मध्ये एमिली वारली. १८५० ची आवृत्ती सिद्ध करताना शार्लटने म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची, बोली मवाळ केली. दक्षिणेकडील वाचकांना ती कळणार नाही म्हणून. हेतू प्रेमाचा होता. पुस्तकावर रांगडेपणाचा ठपका आला होता आणि बहिणीचे नाव तिला राखायचे होते. पण जोसेफ चटकन न कळणे हा कादंबरीचाच भाग आहे. त्या घरात लॉकवुड परका आहे, तसेच आपणही. जोसेफ सुबोध झाला की दार आपोआप उघडते, आणि ते घर तर पाहुण्याला सहजी आत घेणारे नाही.

पुढे जोसेफ राइट यांनी ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’चे सहा खंड (१८९८–१९०५) सिद्ध केले. हे राइटही यॉर्कशायरचेच. पोरवयात गिरणीत राबलेले, पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर. बोलीला कोशाची प्रतिष्ठा त्यांनी दिली.

आजच्या अभ्यासू आवृत्त्या बहुधा १८४७ च्या पाठाकडे वळतात आणि जोसेफच्या वाक्यांना तळटीपा जोडतात. तळटीपांना आमची हरकत नाही. त्या वाचकाला हात देतात, जोसेफच्या तोंडाला हात लावीत नाहीत.