उज्जैनला वाघ-सिंह नकोत, माळ हवा

उज्जैनच्या नवलखी बीड परिसरात प्राणिसंग्रहालय आणि वन्यप्राणी बचाव केंद्र उभारण्याची मध्य प्रदेश सरकारची योजना आहे. तिथे कोणते प्राणी ठेवायचे, यावर आताच जाहीर चर्चा व्हायला हवी. वाघ-सिंह पाहायचे तर इंदूर जवळच आहे. उज्जैनने माळव्याचा गवताळ माळ आणि त्याच्या पलीकडचे थर वाळवंट यांतले जीव दाखवावेत: काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, सांडा.

या मागणीमागे खरमोर आहे. उज्जैन विभागातच, रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याला १९८३ पासून त्याचे अभयारण्य आहे. कोंबडीएवढा हा पक्षी पावसाळ्यात तिथे विणीला येतो. काळाभोर नर गवतातून एकाएकी उसळतो, पंख फडफडवत क्षणभर हवेत दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. मादीला लांबून दिसावे म्हणून दिवसभर त्याच्या उड्या चालू असतात. मादी अंडी घालते ती गवतात, जमिनीवरच. त्यामुळे गवत नांगरले की वीणच संपते. आणि सरकारी दप्तरात हे गवत बहुतेकदा ‘पडीक’ म्हणूनच लागते!

नुसता कायदा पुरत नाही, हे आपण सोलापूरजवळच्या नान्नजला पाहिले. माळढोक या गवताळ माळावरच्याच पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तरी तो तिथे दिसेनासा होत गेला. शिवपुरी जिल्ह्यातल्या करेराला १९८१ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य जाहीर झाले. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले, गावे दुखावली, आणि पक्षीही गेला. सैलान्यात मात्र शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्याला वनखाते बक्षीस देते. आम्हाला हीच वाट योग्य वाटते. जैसलमेरजवळ सम येथील प्रजनन केंद्रात माळढोकाची पिल्ले वाढत आहेत, हे मोठेच यश. पण उद्या ती सोडायची कुठे?

उज्जैनच्या २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याला देशभरातून भाविक येतील, महाराष्ट्रातूनही मोठ्या संख्येने. त्यांना माळाची ओळख हिंदीबरोबर मराठीतूनही करून द्यावी. खरमोराला पिंजऱ्यात घालू नये. त्याच्या उडीचे चित्रीकरण दाखवावे. संग्रहालयाच्या आवारातला एक मोठा तुकडा झाडे न लावता गवतासाठीच राखावा. आणि प्राण्यांची यादी पक्की करणाऱ्या बैठकीला सैलान्याच्या त्या शेतकऱ्यांना बोलवावे.