आधी सांगा, भिंत कोणाची?

भिंतीवरचे चित्र कला की विद्रूपीकरण, हा वाद निघाला की मी आधी विचारतो, भिंत कोणाची? ईदच्या तोंडावर उसनवारी करून रंगवलेल्या घरावर रात्रीतून कोणी स्प्रे मारून गेला, तर चित्र कितीही सुरेख असो, मी त्याला कला म्हणणार नाही. तो हक्कुल इबादचा प्रश्न आहे. घरमालकाने माफ केले तरच मिटेल.

पण इस्रायलने वेस्ट बँकमध्ये बांधलेली भिंत घ्या. वस्तीजवळ ती सुमारे आठ मीटर उंच काँक्रीटची आहे. व्याप्त भूमीवर अशी भिंत बांधणे आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ साली दिले. पुढच्याच वर्षी बँक्सी या ब्रिटिश चित्रकाराने तिच्यावर चित्रे काढली. फुग्यांना धरून वर तरंगणारी मुलगी त्यातलीच. इथे विद्रूपीकरण कोणी केले? चित्रकाराने, की लोकांची शेते आणि रस्ते तोडून भिंत घालणाऱ्यांनी?

इथवर मी बँक्सीच्या बाजूने. मात्र त्यानेच सांगितलेला एक प्रसंग मला स्वस्थ बसू देत नाही. तो रंगवत असताना एक म्हातारा पॅलेस्टिनी म्हणाला, तुझ्यामुळे भिंत सुंदर दिसतेय. बँक्सीने आभार मानले, तर म्हाताऱ्याने सुनावले की ही भिंत आम्हाला सुंदर नकोच आहे, तू आपल्या घरी जा.

२०१७ साली बँक्सीने बेथलेहेममध्ये त्याच भिंतीसमोर हॉटेल उघडले. भिंत बघायला पर्यटक येऊ लागले. खोल्यांच्या खिडक्या भिंतीकडेच होत्या.