लाँचचा क्लच उघडण्याआधी

ऊस हंगाम आटोपला की उंब्रजला हायवेच्या कडेच्या गॅरेजांसमोर ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग हा सेट बदलणे आपल्या भागातल्या मेकॅनिकच्या हातचा मळ आहे. हाच मेकॅनिक बामणोली-तापोळ्याकडची लाँच बघायला जातो, तेव्हा ट्रॅक्टरची सवय त्याला चकवते. लाँच पळत नाही, इंजिन नुसतेच गरजते, म्हणजे प्लेट गेली, असे म्हणून तो गिअरबॉक्स खोलायला घेतो. आमच्या मते निम्म्या वेळा ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत असते.

ट्रॅक्टरचा क्लच कोरडा. स्प्रिंग प्लेटला दाबून धरते, पाय दिला की ती सुटते. मरीन गिअरबॉक्समध्ये नेमके उलटे आहे. तिथे पुढे जाण्याचा एक आणि मागे येण्याचा एक असे प्लेटांचे दोन गठ्ठे तेलात बुडालेले असतात आणि त्यांना दाबते ते पंपाचे तेल. हा दाब पुष्कळ गिअरबॉक्समध्ये 20 बारच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. दाब उतरला की प्लेटा घसरतात, तापतात, तेल करपते. पण मुळात दाब उतरला कशाने? तेल कमी असेल, गाळणी तुंबली असेल. पाणी खेचणाऱ्या तोंडाशी शेवाळ अडकून ऑइल कूलर गरम झाला, तर तेल पातळ होते आणि दाब जातो. कधी दोष केबलचा असतो. लिव्हर पूर्ण पुढे गेल्यासारखा वाटतो, पण गिअरबॉक्सवरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला असतो. म्हणून आधी गेज लावा, केबल सोडून व्हॉल्व्ह हाताने पूर्ण फिरवून पाहा. एवढ्याने प्लेटांच्या नव्या सेटचा खर्च वाचू शकतो.

खरा फरक बेअरिंगमध्ये आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ट्रॅक्टरचे चाक जमिनीला रेटते, तो रेटा अ‍ॅक्सलमधून चासीत जातो. क्लचला त्याची झळ नाही. लाँचचा पंखा पाणी मागे ढकलतो आणि सगळा रेटा शाफ्टमधून सरळ पुढे येतो. लहान लाँचमध्ये तो सहसा गिअरबॉक्समधले थ्रस्ट बेअरिंग झेलते आणि केसिंग, फाउंडेशनमार्गे होडीला देते. रिव्हर्समध्ये हीच ओढ उलटी. मोठ्या जहाजांवर यासाठी शाफ्टला कॉलरांची रांग लागे. ऑस्ट्रेलियाच्या मिशेलने 1905 मध्ये कलत्या पॅडच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि एका कॉलरवर भागू लागले. आपल्या लाँचमध्ये डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे रेटून पाहिला, तर थ्रस्ट बेअरिंगचा खेळ लगेच कळतो.

शाफ्टच्या मागच्या टोकाला रबराचे बेअरिंग असते. त्याला ग्रीस नको, पाणीच त्याचे वंगण. उन्हाळ्यात शिवसागर जलाशय ओसरतो, लाँच गाळाजवळून चालते आणि त्या गाळाने रबराच्या खाचा भरतात. शाफ्ट थरथरू लागतो, ती थरथर कपलिंगमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते.

अलाइनमेंट लाँच पाण्यात असतानाच बघावे. काठावर ओढलेल्या होडीचा, त्यातही लाकडी होडीचा, आकार पाण्यात बदलतो. कपलिंगचे बोल्ट काढा, फ्लँज एकमेकांना टेकवा, चारी बाजूंनी फीलर गेज घाला. 100 मिलिमीटरच्या फ्लँजला वरखाली किंवा डावीउजवीकडे 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक निघाला तर इंजिनाच्या माउंटिंगखाली शिम घालून आधी तो काढा.

कांदाटी खोऱ्यातल्या गावांना लाँच ही चैन नाही. आजारी माणूस, शाळेचे पोर, बाजाराची पाटी, सगळे तिच्यावर अवलंबून असते. भर जलाशयात क्लच सुटला तर मेकॅनिक तिथे पोहोचायला तास लागतात. म्हणून या पावसाळ्याआधी प्रत्येक लाँचमालकाकडून दाब, खेळ आणि अलाइनमेंट हे तीन आकडे वहीत लिहून घ्यावेत. पुढच्या वर्षी तपासताना तुलनेला ते हाताशी हवेत.