डॉक्टरांची चिठ्ठी आणि गाडीची काळी काच

आमच्या वन्संना ल्युपस आहे. ऊन लागलं की गालांवर चट्टे उठतात, सांधे धरतात. पण मुलीची शाळा, बँक, सासूबाईंचा दवाखाना, सगळं त्यांच्या गाडीवरच. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी काचांना काळी फिल्म लावून घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, डॉक्टरांची चिठ्ठी गाडीत ठेवा, कोणी अडवणार नाही."

आठच दिवसांत चौकात अडवलं. हवालदारांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "बाई, आजार खरा असेल, पण नियमात सवलत नाही." दंड भरावा लागला, फिल्म तिथेच सोलली गेली. संध्याकाळी वन्सं रिक्षाने आमच्याकडे आल्या. "वहिनी, आता गाडी बंद," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मग मी नियमच शोधून वाचला. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियमाची भाषा बदलली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरावीक दर्जाची, उजेडाची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. पण आजारपणासाठी वेगळी सवलत नियमात नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत डॉक्टरांच्या दाखल्यावर ती मिळते, आपल्याकडे नाही. तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आधी आरटीओत लेखी विचारा.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्रास देतात ते अतिनील किरण, आणि ते अडवायला काच काळी लागत नाही. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. ती पारदर्शक असूनही बहुतेक अतिनील किरण अडवते. बाजूची काच बहुधा एकेरी. तिच्यातून त्वचेत खोल शिरणारे किरण बरेचसे आत येतात. म्हणजे चालवणारीने जपायचं ते मुख्यतः उजव्या अंगाला.

त्यासाठी एवढं करा:

* घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा सुती सदरा किंवा हातमोजे. गळ्याशी ओढणी, पण नीट खोचलेली.
* डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. कान आणि उजवा हात विसरू नका.
* जमेल ती कामं सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर.
* नवी गाडी घेताना कंपनीतूनच अतिनील किरण अडवणाऱ्या काचा आहेत का, ते विचारा.

वन्संना मी जुन्या सुती साडीच्या लांब बाह्या शिवून दिल्या. डॉक्टरांनीही मान डोलावली. परवा दारात हॉर्न वाजला. पाहते तो वन्सं गाडीत! "चला वहिनी, मंडईत येताय ना?"