छतावरची वीज कोणाला परवडते?

घरावर सौर संच बसवावा का, याचे उत्तर उन्हापेक्षा वीजबिलावर अधिक अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरले. असा संच महिन्याला साधारण ३०० ते ३६० युनिट वीज देतो. राज्यात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर दर चढत जातात. साहजिकच, एसी वापरणाऱ्या घराची महागडी युनिट आधी वाचतात आणि गुंतवणूक काही वर्षांत वसूल होते. शंभर युनिटच्या आत भागवणाऱ्या कुटुंबाची मुळात बचतच थोडी. त्यांच्यासाठी राज्याला २०२५ मध्ये जादा अनुदान जाहीर करावे लागले.

शहरात अडचण निराळीच आहे. सदनिकाधारकाचे स्वतःचे छत नसते; गच्ची सोसायटीची. सोसायट्यांना किलोवॉटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले गेले खरे, पण ते सामाईक सुविधांसाठी. त्यातून लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालेल, देखभालखर्च घटेल. घरातले बिल मात्र तेवढेच राहील.

शिवाय बॅटरी नसलेला, ग्रीडला जोडलेला संच वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तशी रचनाच असते. भारनियमनाला कंटाळून संच घेणाऱ्यांना विक्रेते हे क्वचितच आपणहून सांगतात.