चढावरची गाडी आणि सपाटीवरचा परवाना

गाडी पळत असताना चालकाची परीक्षा होत नाही. ती होते गाडी चढावर थांबल्यावर. कुंभार्ली, आंबा, आंबेनळी, पसरणी, कोणताही घाट घ्या. पुढे भरलेला मालट्रक दम टाकतो, त्याच्यामागे एस.टी., तिच्यामागे नवी कोरी मोटार आणि मोटारीला खेटून मोटारसायकल. रांग थांबते आणि पुन्हा हलते. मोटारवाला ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलेटरवर नेतो, तेवढ्यात गाडी मागे सरकते. मागच्या मोटारसायकलवाल्याला मागे जाता येत नाही, बाजूलाही होता येत नाही.

गाडी किती सरकते, याचा हिशेब सोपा आहे. दहा फुटांना एक फूट असा चढ धरा. त्यावर मोकळी सुटलेली गाडी पहिल्या सेकंदात सुमारे दीड फूट मागे येते आणि दोन सेकंद गेले की जवळपास सहा फूट. म्हणजे पहिल्या सेकंदात निभावते, दुसऱ्यात निभावत नाही. चालक गांगरला, क्लच एकदम सुटून इंजिन बंद पडले, की दोन सेकंद कुठे गेले ते कळतही नाही.

यावर आता गाड्यांमध्ये सोय आली आहे. तिला हिल होल्ड किंवा हिल असिस्ट म्हणतात. गाडी चढावर उभी आहे, हे यंत्राला कळते. आपण ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेकच्या तेलाचा दाब ते साधारण दोन सेकंद तसाच धरून ठेवते. तेवढ्यात क्लच पकडला, इंजिनाने जोर घेतला, की ब्रेक आपोआप सुटतो. गाडी घसरू नये म्हणून जी ईएससी नावाची यंत्रणा बसवतात, तिच्यातच हे काम होते. म्हणून ईएससी असलेल्या गाडीत ही सोय देणे कंपनीला फारसे जड जात नाही. काही महाग गाड्यांत ऑटो होल्ड किंवा ब्रेक होल्ड असतो. तो दोन सेकंदांचा नव्हे. आपण निघेपर्यंत गाडी धरून ठेवतो.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आपल्या मोटारीत अशी सोय दिली होती. तेव्हा संगणक नव्हता. ब्रेकच्या तेलाच्या वाटेत एक गोळी असे. गाडी चढाला लागली की गोळी घरंगळून तेलाची वाट बंद करी आणि क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेक लागलेला राही. क्लच सोडला की ब्रेक सुटला. हाताने गिअर टाकायच्या गाडीचे दुखणे तेव्हाही हेच होते आणि औषधही तेव्हाच सापडले होते.

मग आता चिंता कसली, असे कोणी म्हणेल. चिंता आहेच. पहिली गोष्ट, ही सोय नव्या गाड्यांत आहे आणि तीही सगळ्यांत नाही. आपल्याकडे खेड्यात येणारी मोटार बहुतेक वेळा जुन्या बाजारातली. वडापची जीप, दुधाचा टेंपो, भाजीचा छोटा हत्ती, यांच्या चालकाला हिल होल्ड म्हणजे काय हे ऐकूनही माहीत नसते. दुसरी गोष्ट, दोन सेकंद म्हणजे दोनच सेकंद. शेजाऱ्याशी बोलत बसलात आणि ब्रेक सोडून दिलात, तर गाडी मागे येणारच. ही सोय म्हणजे हँडब्रेक नव्हे. चढावर गाडी उभी करून उतरायचे असेल तर हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये गाडी ठेवायची, चाके कडेला वळवायची, हे चुकत नाही.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चढावर गाडी थांबवून मागे न सरकता पुन्हा काढता आली पाहिजे, हे कायद्यातच लिहिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा पंधरावा नियम पाहा. परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराने काय काय करून दाखवायचे, याची त्यात यादी आहे. तीव्र चढावर थांबणे आणि हँडब्रेक किंवा ब्रेक-ॲक्सिलेटर नीट वापरून, गाडी अजिबात मागे न येऊ देता निघणे, हे त्या यादीत स्पष्ट आहे. स्वयंचलित चाचणी मार्गांवर तसा चढ बांधलेला असतो. पण तालुक्याच्या शिबिरात एखाद्या सपाट मैदानावर चाचणी होत असेल, तर हा नियम तपासायचा कसा? मैदानावर पुढे घ्या, मागे घ्या, वळवा, झाला परवाना! आणि तोच परवाना खिशात घालून पोरगा चैत्रात जोतिबाच्या डोंगराला निघतो. गाडीत आई-वडील, मावशी, पोरेबाळे. परीक्षा तिथे होते, आणि तपासायला कोणी नसते.

खरे तर शिकायला अर्धा तास पुरे. हँडब्रेक ओढलेला ठेवा. पहिला गिअर टाका. थोडा ॲक्सिलेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटते, तिथे क्लचने पकडले म्हणून समजा. आता हँडब्रेक सोडा. गाडी पुढेच जाते. हे चार दिवस गावच्या चढावर, मागे कोणी नसताना केले की अंगवळणी पडते. पुष्कळ जण मात्र हाफ क्लचवरच गाडी तोलून धरतात आणि त्यात फुशारकी मानतात. अहो, त्यात क्लचप्लेट जळते, करपल्याचा वास येतो आणि खिशाला भुर्दंड बसतो. रांगेत उभे राहायचे तर हँडब्रेक लावूनच.

उसाच्या हंगामात तर विषय आणखी गंभीर होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यातल्या अनेकांना स्वतःचा ब्रेकच नाही. पुलाच्या चढावर ट्रॅक्टर अडकला की कोणीतरी उडी मारून चाकामागे दगड लावतो. दगड लावणे चूक नव्हे. पण ट्रॅक्टर निघाला की दगड तिथेच, रस्त्याच्या मधोमध! रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. दोरी बांधलेला लाकडी ठोकळा ट्रॉलीलाच अडकवून ठेवला तर असा किती खर्च येणार आहे? कारखान्यांनी वाहतुकीचे करार करताना एवढी अट घालायला काय हरकत आहे?

तेव्हा मागणी मोठी नाही. जिथे जिथे परवान्याची चाचणी होते, तिथे मातीचा भराव घालून का होईना, एक चढ करावा आणि त्यावर प्रत्येकाला थांबवून पुन्हा निघायला लावावे. नियम आहेच, तो पाळायचा आहे. मोटार ड्रायव्हिंग क्लासवाल्यांनी फीमध्ये चढाचे दोन तास धरावेत. नवी गाडी घेणाऱ्याने गाणी लावायचा मोठा पडदा मागण्याआधी हिल होल्ड आहे का, हे विचारावे आणि असेल तरी हँडब्रेकची सवय सोडू नये.

घाटातला आणखी एक नियम सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असते. उतरणारा थांबला तर त्याला पुन्हा निघायला कष्ट नाहीत. चढणारा थांबला तर त्याच्यामागच्या साऱ्या रांगेचा जीव टांगणीला लागतो. आणि रांगेत मागे असाल तर पुढच्या गाडीपासून निदान एक गाडीभर जागा सोडून उभे राहा. पुढच्याला चढावर गाडी काढता येते की नाही, हे त्याच्या नंबरप्लेटवर लिहिलेले नसते.