मापातले पाप

लेझर प्रिंटरमध्ये पूड शिल्लक असतानाच ‘टोनर संपला’ अशी सूचना येते, ही ग्राहकांची तक्रार देशोदेशी जुनी आहे. मालवणात वा कुडाळात सातबाऱ्याचे उतारे नि अर्ज छापून देणाऱ्या छोट्या दुकानदारास तिची झळ विशेष लागते. त्याच्या मिळकतीच्या मानाने नव्या कार्ट्रिजची किंमत थोडी नव्हे.

यंत्राचा हा निर्वाळा पुष्कळदा निव्वळ अंदाज असतो. अनेक यंत्रे पूड मोजीत नाहीत. छापलेली पाने, उमटलेले ठिपके अथवा रुळाचे फेरे यांवरून शिल्लक ठरवितात. छपाई फिकी पडण्यापूर्वी इशारा द्यावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु इशारा देणे वेगळे आणि काम बंद पाडणे वेगळे. मासळीबाजारात दांडी मारणाऱ्यास आपण लबाड म्हणतो. मग दाम घेतलेली पूड वापरू न देणाऱ्यास काय म्हणावे?

फ्रान्सने २०१५ साली वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर घटविणे हा गुन्हा ठरविला; २०१७ साली प्रिंटर-कंपन्यांविरुद्ध त्या कायद्याखाली तक्रारही झाली. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध दाद देतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही नाही. मात्र पुरावा हवा. पावती, छापलेल्या पानांची नोंद आणि काढलेले कार्ट्रिज ग्राहकाने जपून ठेवावे.

सरकारनेही स्वस्थ बसू नये. सूचना अंदाजाची आहे, हे वेष्टनावर स्पष्ट छापणे सक्तीचे करावे, आणि छपाई चालू ठेवायची की नाही, हा निर्णय पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्याच हाती ठेवावा.